सोंगाच्या घरचा दुखवटा

राब भाजायला लागले की मला कोंबड्याचा आवाज सोसत नाही.

माघ सरता सरता आमच्या कोन गावच्या शेतांत भाताच्या रोपांसाठी एकेक कोपरा राखतात. त्यावर पाला, गवत, शेण पसरून पेटवतात. तो राब. त्याचा धूर वर जात नाही, जमिनीला धरून चालतो, आणि कल्याणच्या रस्त्यावर ट्रकांनाही आडवा येतो. अंगणात वाल सुकायला घातलेले असतात, त्यांना तो वास लागतो. मग पावसाळ्यात बिरडं केलं तरी मला त्यात फाल्गुनातला धूर लागतो. सून म्हणते, "तुम्हाला नुसतं वाटतं, आई." असेल.

यंदाच्या धुरात हे नाहीत. श्रावणात गेले. भेटायला आलेली माणसं म्हणत होती, हसवणारा माणूस गेला. एकाने तर सांत्वन करता करता ह्यांचा सिनेमातला एक प्रसंग सांगायला घेतला, पोलीस ह्यांना हौदात ढकलतो तो, आणि सांगताना त्याचं त्यालाच हसू आवरेना. मी त्याला चहा दिला. दुसरं काय देणार?

ह्यांचं नाव मी कधी घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही इतक्या हळू की बायकांनी पुन्हा घ्यायला लावलं. मी चार माणसांत बोलणारी बाई नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तिथेही मास्तरांनी उभं केलं की उत्तर येत असून तोंड उघडत नसे. लिहिताना तसं होत नाही. कागद तोंडाकडे बघत बसत नाही.

ह्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते बाईच्या वेषात.

आमच्या गावात शिमग्याची एक रीत आहे. वर्षभरात ज्या घरात कुणी गेलं असेल, त्या घरी होळीच्या दुसऱ्या दिवशी गावाचं सोंग जातं. घरची माणसं ओटीवर बसतात, सोंग अंगणात उभं राहतं. ज्याचं दुःख मोठं, त्याला हसवायचं. तो हसला की घरातून नारळ आणि तांदूळ द्यायचे. दुखवटा निघाला. मग त्या घरात सणाला गोडधोड करायला मोकळीक. हसवल्याशिवाय सोंगाने दारातून फिरायचं नाही. आणि आळीतल्या माणसांनी आधी मोठ्याने हसायचं, म्हणजे घरच्यांना हसायची लाज वाटत नाही. दुःखाच्या घरी सोंग आलं आणि शेजारी गप्प बसला, तर तो शेजारी वाईट.

माझे वडील गेले त्या शिमग्याला आमच्या अंगणात सोंग आलं ते सुकट विकणारी बाई होऊन. माझं माहेरही कोनच, वरच्या आळीतलं. मी दाराआड होते. डोक्यावर टोपली, नऊवारीचा काष्टा घोट्याच्या बराच वर, कपाळाला हा एवढा टिळा. अंगणात बायका बसलेल्या, त्यांच्याकडे सोंगाने ढुंकूनही पाहिलं नाही. आमच्या कुत्र्यापुढे टोपली उतरवली.

"ये मोत्या, सुकट घेतोस का? ताजी हाय. हुंगून काय बगतोस मेल्या, पैसं काड. हुंगल्याचं पैसं कोन देल, तुजा बापूस?"

मोत्या उठून टोपलीत तोंड घालायला गेला. सोंगाने टोपली उचलून धूम ठोकली, तो मागे, हे पुढे, काष्टा सुटलेला, आणि फणसाच्या झाडाला तीन फेऱ्या. माझी आई वडील गेल्यापासून नीट जेवली नव्हती. तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. मग रडली, मग परत हसली. त्या दिवशी ती भाकरी खाऊन झोपली.

मला तेव्हा वाटलं, हा माणूस काहीही करू शकेल. पुढे त्याच माणसाच्या घरात मला दिली, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. तेवढं खरं आहे, आणि ते मी पुसून टाकत नाही.

सत्तरनंतरची ती वर्षं. आम्ही भिवंडीत खोली घेऊन राहत होतो. खोलीची एक भिंत हमीदसेठच्या कापडाच्या लूमच्या शेडला लागून होती. भिंत चोवीस तास थरथरायची. फळीवरची भांडी हळूहळू सरकत कडेला यायची, ती मी रोज मागे ढकलायची. बोलायचं तर ओरडून बोलायचं. मला त्याचा त्रास नव्हता, मी तशीही बोलत नव्हते. हे शेडमध्ये रात्रपाळीला. कारखान्यातल्या लोकांनी नाटक बसवलं, त्यात ह्यांनी नोकराचं काम केलं. ते मुंबईच्या कुणीतरी पाहिलं, आणि मग सिनेमावाल्यांची बोलावणी यायला लागली.

हमीदसेठ मनाने मोठा होता. "बालाराम, तेरे को छुट्टी दिया तो मेरा लूम कौन चलायेगा?"

"लूम काय सेठ, आपलाआप चालतो. मी नुसता त्याला हसवतो."

"जा बाबा, जा. लेकिन परदे पे मेरा नाम मत लेना. सब रिश्तेदार काम माँगने आयेंगे."

सिनेमात ह्यांचं काम म्हणजे मार खाणं. थोबाडीत, पाठीत, चिखलात, हौदात. नायकाचा नोकर, सासऱ्याचा नोकर, दारूडा, न्हावी. घरी यायचे तेव्हा कानात चिखल सुकलेला असायचा. मी कापूस ओला करून काढायची. एकदा दंडावर काळंनिळं होतं. "खरं मारलं का?" विचारलं तर म्हणाले, "खोटं मारलेलं पडद्यावर दिसत नाही गो." आणि हेच काम जेवढं चांगलं झालं, तेवढं माणूस म्हणून आमचं जगणं अवघड झालं. रॉकेलच्या रांगेत हे उभे राहिले की रांग हसायची. दुकानदार म्हणायचा, "बाळारामशेठ, एकदा पडून दाखवा, मग डबा भरतो." हे पडायचे. डबा हातात धरून, सगळ्यांदेखत. मी एकदा म्हटलं, रॉकेल नको आपल्याला. तर म्हणाले, "मागतात म्हणून पडतो. न मागतील तेव्हा?"

मंजी आमची पहिली. तिचा जन्म त्या खोलीतला, त्यामुळे तिला लूमच्या आवाजात गाढ झोप लागे. दिवे गेले, लूम थांबले, की ती दचकून जागी व्हायची आणि रडायची. जगातली पोरं आवाजाने उठतात, आमची शांततेने.

रात्रपाळी करून हे पहाटे यायचे ते कोंबडा होऊन. एक हात कपाळावर, बोटं पसरून, तो तुरा. दुसरा हात मागे, ती शेपटी. गुडघ्यांत वाकून, मान पुढे-मागे करत खाटेभोवती फेरी घालायचे आणि आरवायचे. मंजी चादरीच्या आत. तिने आतून "उजाडलं!" म्हणेपर्यंत कोंबडा थांबायचा नाही. ती लबाड मुद्दाम उशीर लावायची. हे घामाघूम. मी चुलीपाशी म्हणायची, "अगं म्हण एकदा, बाबांना झोपू दे." ती चादरीतूनच, "कोंबडा दमला का?" कोंबडा म्हणायचा, "दमलाऽऽ." मग ती चादर भिरकावून ओरडायची.

अशाच एका माघात तिला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात गेलाय. दवाखान्यातून घरी आणलं, कारण आणायलाच सांगितलं. दुपारची वेळ होती. मी पेज घेऊन दारात आले तर हे तिच्या खाटेभोवती कोंबडा होऊन फिरत होते. दिवसाढवळ्या. तिने मागितला असेल. मी दारातच उभी राहिले. तेवढ्यात दिवे गेले आणि शेजारचे लूम एकेक करत थांबले. भिंत थांबली. फळीवरची भांडी थांबली. मंजी जागी झाली नाही.

मला तेव्हाच कळलं.

हे फिरत होते. एक फेरी, परत एक. आरवले, थांबून कान दिला, परत आरवले. त्या शांततेत तो आवाज केवढा मोठा होता. मी म्हटलं, "अहो, थांबा." लग्नानंतर मी ह्यांना इतक्या मोठ्याने पहिल्यांदा हाक मारली असेल. हे थांबले. कपाळावरचा हात तसाच. मग खाली बसले.

रडले नाहीत. तेव्हा नाही, नंतर नाही. मसणवटीकडे जाताना लोक ह्यांच्या तोंडाकडे बघत होते, जणू आता काहीतरी करतील. मागे चालणारं कुणीतरी खुदकन हसलं, असं मला नंतर माझ्या जावेने, यमुनाने, सांगितलं. तिने सांगायला नको होतं.

माझ्या मनात एकच बसलं. लेक जात होती आणि ह्या माणसाला कळलंसुद्धा नाही. आपल्याच सोंगात इतका गढलेला, की खाटेवर कुणी उरलं नाही हे बायकोने सांगावं लागलं. मी हे कधी तोंडाने म्हटलं नाही. पण ताट वाढताना, कपडे पिळताना, माझ्या हातांनी ते म्हटलं असणार. ह्यांना हातांचं कळायचं.

त्या शिमग्याला आमच्या दारी सोंग आलं नाही. गावाचं सोंग म्हणजे हेच. आणि दुखवट्यातला माणूस सोंग घेत नाही. गावकीतले म्हातारे बसले, बोलले, आणि म्हणाले, "सोंगाच्या घरी सोंग कोन नेल? फुडल्या साली बगू." पुढल्या साली कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आम्हीही आठवण केली नाही. दुखवटा तसाच घरात राहिला, कोपऱ्यात उभी केलेली केरसुणी राहावी तसा. सणाला पोळ्या यमुनाच्या घरून यायच्या.

त्याच वर्षी थंडीत मुंबईचे एक दिग्दर्शक खोलीवर आले. ट्रंकेवर बसले. मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या एका मास्तरांवर त्यांना सिनेमा काढायचा होता. मास्तर जुन्या काळातले, खेड्यातल्या शाळेत शिकवणारे, गरीब. आयुष्यभर पोरांना हसवलं आणि स्वतःची एकुलती एक लेक आजारात गेली. ते काम ह्यांनी करावं.

"मी?" हे म्हणाले. "मार कुठे आहे त्यात?"

"मार नाही. हसवणारा माणूस रडला की लोक दुप्पट रडतात, बाळाराम."

"लोकांना विचारलंत का साहेब?"

दिग्दर्शक हसले. ह्यांनी ते हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

मास्तरांची गोष्टींची पुस्तकं ते ठेवून गेले. ह्यांचं वाचन बेताचं, दुसरीतून शाळा सुटलेली. संध्याकाळी मी वाचायची, लूमच्या वर आवाज चढवून, आणि हे भिंतीला टेकून ऐकायचे. आमच्या संसारातल्या चांगल्या संध्याकाळी मोजायला बसले तर त्याच निघतील. मी पोटुशी होते. मास्तरांच्या गोष्टींत कुणी मरत नाही. वाघसुद्धा म्हातारा झाला की डोंगराच्या पलीकडे झोपायला जातो, आणि सगळी जनावरं त्याच्यासाठी हळू बोलतात. ती गोष्ट वाचून झाल्यावर ह्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं. मग म्हणाले, "मास्तराला माहीत व्हतं."

"काय?"

"काय लपवायचं ते."

चित्रण गणेशपुरीकडे, एका शाळेत झालं. मी गेले नाही. ह्या वेळी घरी आले ते बाह्यांना खडू लागलेला, आणि अंगावर एकही वळ नाही. कापूस घेऊन बसले होते मी, काम नव्हतं. विचारलं, मास्तरांच्या मुलीचं काम कोण करतंय. "हाय एक. दादरची पोर. गोरीपान." मग म्हणाले, "एक जागा माझ्या मनाने केलीय. सायबांनी रडायला सांगितलं व्हतं. मी म्हटलं, रडत न्हाय, करून दाखवतो. तू बघ. मग आपण बोलू."

काय बोलू, मी विचारलं नाही. बघितल्यावर बोलायचं होतं. मी ते वाक्य थंडीपासून चैत्रापर्यंत जपून ठेवलं. मधे विलास झाला. मधे शिमगा आला, राब जळले, पांगारे लाल होऊन झडले. सिनेमा मुंबईत लागला आणि माणसं यायच्या आधीच उतरला. चैत्र संपता संपता वज्रेश्वरीची जत्रा भरली आणि फिरत्या सिनेमाच्या तंबूवाल्याने तो सिनेमा आणला.

आम्ही भिवंडीहून यष्टीने गेलो. मी, कुशीत तान्हा विलास, यमुना आणि हे. उतरलो तर धुळीत जीप फिरत होती आणि कर्ण्यातून ओरड चालली होती: "हसून हसून पोट दुखेल! आपल्या भिवंडीचा, आपल्या कोनचा बाळाराम!" तंबूबाहेरच्या फलकावर ह्यांचं दुसऱ्याच सिनेमातलं तोंड रंगवलेलं, दात विचकलेलं, डोक्यावर उपडी बादली.

हे तंबूवाल्याला म्हणाले, "अहो, हा तसला सिनेमा न्हाय."

"बाळारामशेठ, तसला न्हाय म्हटलं तर येणार कोण? तुम्ही गपचिप बसा ना. पान खाता?"

दिवेलागणीचा पहिला खेळ. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला, मधे दोरीवर कापड. खाली वाळू. ह्यांना पुरुषांत पुढे बसवलेलं. पडद्यावर हे आले, काळा कोट, काळी टोपी, बगलेत छत्री, आणि अख्खा तंबू शिट्ट्यांनी फुटला. काही केलं नव्हतं त्यांनी. नुसते चालत शाळेकडे निघाले होते. लोक आता पडेल, आता पडेल म्हणून आधीच हसत होते. यमुनाही. मीसुद्धा गालात हसले असेन. आपला माणूस एवढा मोठा दिसतो, त्याचं.

मग मास्तर पहाटे लेकीला उठवायला येतात. एक हात कपाळावर गेला. बोटं पसरली. दुसरा मागे. आणि चादरीतून ती दादरची पोर म्हणाली, "उजाडलं!"

माझ्या हातातून विलास सुटायचा राहिला. यमुनाने माझा दंड धरला. "गो, ही तर आपली मंजी..." म्हणाली. तंबूतली पोरं ओरडायला लागली, उजाडलं, उजाडलं. तो शब्द आम्हा घरच्या माणसांबाहेर कधी गेला नव्हता. भिंतीपलीकडे लूम होते, कुणाला ऐकू जाणार?

पुढे काय येणार ते मला कळलं होतं. उठून जावं तर माझ्यापुढे बायकांच्या इतक्या मांड्या, इतकी निजलेली पोरं. आणि खरं सांगायचं तर मला बघायचंही होतं.

मास्तरांची मुलगी खाटेवर. दुपार. मास्तर कोंबडा होऊन फिरताहेत. ते वाकले आणि तंबू हसायला लागला. आरवले आणि माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. मुलगी गेलेली आहे, हे पडद्यावर स्पष्ट दिसत होतं, तिचा हात खाली लोंबला होता, आणि माणसं वाळूवर हात आपटून हसत होती. माझ्या शेजारची म्हातारी डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली, "मेला, मेल्या पोरीलाबी उठवल." मागून आरोळी आली, "वन्समोअर!" मग सगळीकडून. यात्रेच्या तंबूत लोकांना एखादं गाणं आवडलं की यंत्र थांबवून ते परत दाखवत. तसंच झालं. पडदा काळा झाला, यंत्र कुरकुरलं, आणि मंजी परत खाटेवर आली, परत जायला.

त्या दुसऱ्या वेळी मी बघितलं.

फिरता फिरता कोंबडा तिच्या उशाशी येतो. तिथे क्षणभर त्याची मान थांबते. तो बघतो. त्याला कळतं. मग तो दाराकडे बघतो. दारात त्याची बायको उभी आहे, हातात पेजेचं भांडं. आणि तिला बघून कोंबडा परत मान हलवायला लागतो, परत फेरी घालतो, परत आरवतो. तिला अजून थोडा वेळ मिळावा म्हणून.

आमच्या खाटेभोवती काय झालं होतं, ते मला तिथे, वाळूवर बसून, अडीचतीनशे माणसांच्या हसण्याखाली कळलं. की ह्यांनी तसं झालं असतं तर म्हणून रचलं? ते मला विचारायचं होतं. तेवढंच विचारायचं होतं. खेळ संपला की कापडाखालून जायचं आणि आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत त्यांचा हात धरायचा, असं मी ठरवलं. ठरवलं होतं, हे मी इथे लिहून ठेवते.

पण लोक उठेनात. "बाळाराम! कोंबडा! कोंबडा!" तंबूवाल्याने गॅसबत्ती आणली, ह्यांना हाताला धरून पांढऱ्या पडद्यापुढे उभं केलं. ह्यांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. कापड कुणीतरी वर धरलं होतं. मी मान हलवली. नको. मी नको म्हटलं, शब्दाने नाही, पण म्हटलं.

हे वाकले. हात कपाळावर गेला.

गॅसबत्तीच्या उजेडात पडद्यावर सावली पडली होती, ह्यांच्याहून मोठी. हे फिरले, नसलेल्या खाटेभोवती. उशाशी थांबले नाहीत. आरवले. आणि सगळी जत्रा एका तोंडाने ओरडली, "उजाडलं!"

बाहेर आल्यावर यमुना पोराला घेऊन पुढे झाली. गरम पाण्याच्या कुंडांवर वाफ दिसत होती. हे माझ्या बाजूने चालत होते, तोंडावर घाम तसाच.

"बघितलंस?"

"लोकांनी बघितलं," मी म्हटलं.

थोडं अंतर चाललो. मग म्हणाले, "सोंगाला हसवल्याबिगर दारातून फिरता येत न्हाय गो." यष्टीत मी खिडकीशी बसले. त्या विषयावर आम्ही पुढची सगळी वर्षं मिळून बोललो ते एवढंच.

त्यानंतर ह्यांना मास्तर कुणी केलं नाही. कोंबडा सगळ्यांनी केला. दुकानदाराच्या कामातही कोंबडा, लग्नाच्या सिनेमात कोंबडा, गणपतीच्या मांडवात कोंबडा. त्यात पोरगी नसायची, खाट नसायची, नुसता हात कपाळावर आणि पुढे बसलेल्यांनी म्हणायचं, उजाडलं. पाळी बदलताना शेडमधून लूमवाले आरवत बाहेर पडायचे, आत जाणारे उत्तर द्यायचे. बिहारचे, तेलंगणाचे, मराठी न येणारे, पण हा एक शब्द त्यांना यायचा. त्या शब्दावर आमची दुसरी खोली झाली, विलासचं शिक्षण झालं, कोनचं घर बांधलं. मी त्या घरात राहते, म्हणून मला फार बोलायचा हक्क नाही, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

यमुना नेहमी म्हणते, "लोक वाईट न्हाय व्हते गो. त्यांना वाटलं दुखाच्या घरी सोंग आलंय. मंग हसायला नको?" असेल तसं. आमच्या भागातली माणसं, आमचीच रीत. मेलेल्या पोरीच्या खाटेशी त्यांनी ह्यांना पाहिलं आणि चांगल्या शेजाऱ्यासारखं मोठ्याने हसले. मुंबईचे दिग्दर्शक हे कधी समजू शकले नसते. मला समजतं. समजतं म्हणून पोटात जे आहे ते पचत नाही.

ह्यांना मी का विचारलं नाही? म्हातारपणी तर खूप दुपारी रिकाम्या होत्या. हे ओटीवर, मी आत वाल सोलत. तोंडापर्यंत यायचं, तुम्हाला तेव्हा कळलं होतं का हो? पण मला भीती वाटायची. मी विचारलं, तर हे सांगणार नाहीत. करून दाखवतील.

यंदा होळीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात सोंग आलं. इतक्या वर्षांनी. यमुनाचा थोरला, आता पोट सुटलेला माणूस, गोदामात कामाला. त्याने काळा कोट घातला होता, काळी टोपी. काकांचा मान म्हणून. आळी गोळा झाली. मला ओटीवर बसवलं, शेजारी सून, नात. तो वाकला, हात कपाळावर ठेवला, आणि अंगणात वाळत घातलेल्या वालांभोवती फिरायला लागला. आरवला. थांबला. माझ्याकडे पाहिलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. राबाचा धूर अंगणात आला होता, त्यामुळे माझे डोळे भरले ते त्यांना बरं वाटलं असणार. तो परत आरवला. त्याला काकांसारखं येत नाही, मान उगाच फार हलवतो. परत एक फेरी.

"म्हन गो बाय," यमुना कानाशी म्हणाली. "पोराचा घसा बसला."

मी ओठ आवळून बसले. मी चार माणसांत न बोलणारी बाई, हे सगळ्यांना माहीत आहे. सोंग फिरत राहिलं. शेवटी आळीनेच तोंड उघडलं. बायका, बाप्ये, पोरं, सगळ्यांनी मिळून ओरडून म्हटलं आणि हसले, मोठ्याने, चांगल्या शेजाऱ्यांसारखे. सुनेने आतून नारळ आणि तांदूळ आणले. दुखवटा निघाला, म्हातारे म्हणाले. कुणाचा, ते कुणी विचारलं नाही.

त्या जत्रेपासून तो शब्द मी उच्चारलेला नाही. आज लिहिला, तेवढाच. विलासला शाळेसाठी उठवताना म्हणायची, ऊठ, ऊन आलं. दूधवाल्याला म्हणते, सकाळी ये. त्या एका शब्दाला वळसा घालून अख्खं आयुष्य बोलता येतं, मी बोलले आहे.

नात माझ्याजवळ निजते. आज पहाटे कुणाच्या तरी परसात कोंबडा आरवला. ती चादरीतून तोंड न काढता म्हणाली, "आजी, उजाडलं का गो?"

मी म्हटलं, "खिडकी उघडून बघ."